फेल्टच्या पिंपळपानांचे तोरण



मार्गशीर्ष लागला की पहाटे रंकाळ्यावर धुके उतरते. गावोगावची गुऱ्हाळे पेटलेली असतात आणि वाऱ्यावर उकळत्या रसाचा वास येतो. शिरोलीच्या फौंड्रीतून रात्रपाळी संपवून येणारे आपले बांधव कानाला मफलर गुंडाळून सायकली-मोटारसायकलींवरून घरी परततात. ही आपल्या कोल्हापूरची थंडी.

याच दिवसांत महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत चक्कर मारली, तर दुकानांच्या काचेत दुसरीच थंडी दिसते. कापसाचा बर्फ, बर्फाचा माणूस, चांदण्यांसारखी बर्फफुले. ही सजावट बरीचशी फेल्टच्या कापडाची असते आणि तिच्यावर मणी व भरतकाम केलेले असते. मुलांना ती आवडते, यात नवल नाही. ख्रिस्ती बांधवांच्या नाताळाविषयी आपल्याला आदरच आहे. परंतु एका रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाची बैठक चालू असताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काकू, आपल्याकडे बर्फ पडतच नाही. मग आपल्या थंडीचं काय करायचं?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे पाहू लागलो. आपल्या थंडीचे आपल्या दारावर काय असावे? त्या प्रश्नातून जे तोरण तयार झाले, त्याची कृती आज देत आहे. त्याबरोबर या कामाविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या कृतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आपली थंडी, आपले दिवस

थंडीचे दोन-अडीच महिने आपल्यासाठी किती भरलेले आहेत, हे मोजून पाहा. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन. २८ नोव्हेंबर हा महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण. ९ डिसेंबर हा खास कोल्हापूरकरांचा दिवस. १९५० साली याच तारखेला भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. हा दिवस आपण भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतो. १ जानेवारीला भीमा कोरेगावचा विजयस्तंभ, ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती, १४ जानेवारीला १९९४ सालच्या नामविस्ताराची आठवण आणि मग २६ जानेवारी.

यातला ६ डिसेंबर हा सजावटीचा दिवस नव्हे. त्या दिवशी पांढरी वस्त्रे, मेणबत्ती आणि वंदना एवढेच असावे. तोरण लावायचे ते त्यानंतर. ते २६ जानेवारीपर्यंत दारावर खुशाल राहू द्यावे.

आणखी एक दिवस आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतो. श्रीलंकेत डिसेंबरच्या सुमारास येणारी पौर्णिमा 'उंदुवप' नावाने पाळतात. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा थेरी हिने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी समुद्रापार श्रीलंकेला नेली, त्याचा हा दिवस. ती फांदी अनुराधपूरला लावली गेली आणि तो वृक्ष आजही तिथे उभा आहे. तिकडे भिक्खुणीसंघाची स्थापनाही संघमित्रेनेच केली. म्हणजे पिंपळाचे पान हे थंडीचे आणि तेही एका स्त्रीच्या कर्तृत्वाचे चिन्ह आहे. बर्फफुलाऐवजी आम्ही पिंपळपान निवडले ते यासाठी. आणि त्या पानावर मण्यांचे दव, कारण आपल्या थंडीत बर्फ नसला तरी दव असते.

फेल्ट म्हणजे काय?

कापड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताणा-बाणा येतो. फेल्टमध्ये तो नसतो. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. लोकर पिंजून पसरायची, कोमट पाणी आणि साबण घालून मळायची व दाबायची, की हे खवले एकमेकांत अडकतात आणि सलग चादर तयार होते. विणकाम नाही, सूतही नाही.

ही कला परक्या मुलखातली नाही. आपल्या भागात धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची काळी लोकर निघते. ती कातून सणगर विणतात ते घोंगडे. पण तीच लोकर पिंजून, न विणता, पाणी शिंपडून, गुंडाळून आणि मळून पिंजारी कारागीर जे बसकर किंवा अंथरूण करतात, ते जेन. जुन्या मराठीत याच प्रकाराला बुरणूस असाही शब्द आहे. घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांना विचारा, ती जेनवर बसलेली असतील. काश्मीरमध्ये अशाच लोकरीचा नमदा करतात आणि त्यावर रंगीत लोकरीने साखळी टाक्याचे भरतकाम करतात. तेव्हा फेल्टवर भरतकाम ही आपल्या देशातली जुनी गोष्ट आहे.

त्याहून जुनी साक्ष विनयपिटकात सापडते. भिक्खूंच्या अंथरुणाला तिथे 'संथत' असा शब्द आहे आणि त्याचा अर्थच पसरून केलेले, न विणलेले असा दिला आहे. म्हणजे फेल्टच! त्याविषयी तथागतांनी नियम घालून दिले. त्यात रेशीम मिसळू नये, कारण रेशमासाठी किडे मारले जातात. निव्वळ काळ्या लोकरीचेही करू नये. दोन भाग काळी, एक भाग पांढरी आणि एक भाग भुरी अशी लोकर घ्यावी. एकदा केलेले अंथरूण निदान सहा वर्षे वापरावे. आणि बसण्याचे नवे आसन करताना जुन्या आसनाचा एक तुकडा त्यात घालावा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या नियमांत हिंसा नको, चैन नको आणि नासाडी नको, या तिन्ही गोष्टी आल्या आहेत. आपल्या तोरणालाही त्या लागू आहेत.

साहित्य

स्टेशनरीच्या आणि शिवणसाहित्याच्या दुकानात फेल्टचे रंगीत ताव मिळतात. बहुतेक ताव हल्ली लोकरीचे नसून कृत्रिम धाग्याचे असतात. घरगुती कामाला ते चालतात, मात्र विस्तवाजवळ वितळतात आणि पेटतात, हे ध्यानात ठेवावे. सात पानांच्या एका तोरणाला पुढील वस्तू लागतात.

- गडद हिरव्या आणि पोपटी रंगाचे फेल्टचे ताव, साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीचे
- पांढरा, पिवळा व हिरवा भरतकामाचा दोरा
- पांढरे किंवा पारदर्शक बारीक काचमणी आणि थोडे मोठे निळे मणी
- भरतकामाची सुई आणि मणी ओवण्याची बारीक सुई
- जाड पुठ्ठा, खडू, धारदार कात्री, मेणाचा तुकडा
- सव्वा मीटर पक्की निळी दोरी

निळ्या मण्यांसाठी बाजारात जाण्याआधी घरातला जुना डबा उघडा. तुटलेल्या माळा आणि जुन्या ब्लाउजवरचे मणी त्यात असतातच.

कृती

पहिल्यांदा पुठ्ठ्याचा साचा करावा. कागद मधोमध दुमडून अर्धे पान काढावे आणि कापावे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. पान नऊ सेंटिमीटर रुंद आणि शेपटासह चौदा सेंटिमीटर लांब असावे. पिंपळपानाची सारी शोभा त्या शेपटात असते. ती आखूड केली की पान वडाचे दिसू लागते!

साचा फेल्टवर ठेवून खडूने गिरवावा. सात पाने गडद हिरवी आणि सात पोपटी कापावीत. फेल्टचे धागे सुटत नाहीत, म्हणून कड दुमडावी लागत नाही. नवशिक्या मुलींना म्हणूनच हे कापड सोपे जाते. कापताना कात्री एका जागी धरावी आणि कापड फिरवावे, कड दातेरी होत नाही.

आता शिरा. भरतकामाच्या दोऱ्याला सहा पदर असतात, त्यातले तीन घ्यावेत. मधली शीर पिवळ्या दोऱ्याने साखळी टाक्यात देठापासून शेपटाच्या टोकापर्यंत न्यावी. बाजूच्या शिरा दोन पदरांनी उलट्या टिपेत घालाव्यात, प्रत्येक बाजूला सहा पुरेत. हे काम फक्त वरच्या गडद पानावर करायचे. दोरा फार ओढू नये, नाहीतर पान चुणते.

मग दव. मणी लावायचा दोरा आधी मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे गुंतत नाही आणि लवकर झिजत नाही. एका पानाला नऊ ते अकरा मणी पुरतात. ते शिरांच्या टोकाशी आणि कडेजवळ विखुरलेले असावेत. सगळे पान मण्यांनी भरले तर त्याचे दव राहत नाही, जर होतो. प्रत्येक मण्यातून सुई दोनदा न्यावी आणि दर चार मण्यांनंतर मागे गाठ मारावी. अशाने एक मणी तुटला तरी बाकीचे गळत नाहीत.

शेवटी पोपटी पान मागे ठेवून दोन्ही पानांच्या कडा काज टाक्याने जोडाव्यात. मागच्या गाठी त्यात झाकल्या जातात. टाके अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरावर सारखे यावेत. देठाशी दोरी जाईल एवढी फट सोडावी.

दोरीत पाने ओवताना दोन पानांमध्ये तीन-तीन निळे मणी घालावेत. तीन फुटी दाराला सात पाने बरोबर बसतात. सात का, असे कोणी विचारील. दाराची रुंदी तेवढी आहे म्हणून! त्यात शकुन-अपशकुनाचा काही संबंध नाही. दार मोठे असेल तर नऊ करा, खिडकीला चार करा.

उरलेल्या कात्रणांतून मुलांकडून छोट्या वस्तू करून घ्याव्यात. तपकिरी पट्टीवर उलट्या टिपेने पेरे दाखवली आणि वर हिरवी पाती लावली की ऊस होतो. दोन हिरव्या थेंबांमध्ये चिमूटभर कापूस भरला की हरभऱ्याचा घाटा. काळ्या चौकोनाला तपकिरी चौकट आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याने काढलेला 'अ' म्हणजे सावित्रीमाईंच्या जयंतीसाठी पाटी. निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि नारिंगी पट्ट्या जोडल्या की पंचशील ध्वज.

दोन सूचना. घरात रांगते मूल असेल तर मणी ताटात घेऊनच बसावे, कारण खाली सांडलेला मणी मूल तोंडात घालते. आणि तोरण मेणबत्ती किंवा अगरबत्ती लागते त्या जागेच्या वर कधीही बांधू नये.

मण्यांविषयी थोडेसे

मणी हातात घेतल्यावर एक आठवण ठेवावी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला आलेल्या आपल्या स्त्रियांपुढे बाबासाहेब बोलले. लुगडे नीट, अंगभर नेसा आणि गळ्यात-हातांत जो कथलाच्या दागिन्यांचा भार आहे तो उतरवा, असे त्यांनी सांगितले. त्या दागिन्यांना सौंदर्य नव्हते असे नाही, पण दुसऱ्यांनी आपल्याला ओळखावे आणि दूर ठेवावे यासाठी ती खूण झाली होती. आपल्या आज्या-पणज्यांनी ती खूण उतरवली. आज आपण दारावर निळा मणी बांधतो तो कोणी लादला म्हणून नव्हे. तो आपण निवडला आहे. सजावट तीच, पण ती कोणाच्या इच्छेने होते यावर तिचा अर्थ ठरतो.

हातांची किंमत

आता पहिली गोष्ट. हे तोरण चांगले झाले की शेजारीपाजारी विचारू लागतात आणि एखादा व्यापारीही विचारतो. चार पैसे मिळाले तर कोणाला नको आहेत? पण आधी हिशेब मांडा. एका पानाला कापणे दहा मिनिटे, शिरा तीस, मणी वीस आणि कड पंधरा, म्हणजे सव्वा तास. सात पानांना पावणेनऊ तास, ओवायला पाऊण तास. एकूण साडेनऊ तास झाले. समजा, साहित्य देऊन कोणी एका तोरणाची मजुरी एकशे नव्वद रुपये ठरवली. तासाला वीस रुपये पडले! आपल्या भगिनी घरात बसून नगावर काम घेतात तेव्हा नगाचा दर पाहतात, तासाचा पाहत नाहीत. घरातले काम म्हणजे रिकाम्या वेळचे काम, असे समोरचा म्हणतो आणि आपणही मान डोलावतो. रिकामा वेळ कोणत्या कामकरी बाईला असतो?

हाताच्या कामाला नाव आणि दाम दोन्ही मागावे लागतात, हे कोल्हापूरने नुकतेच पाहिले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच धाटणीची चप्पल मांडली, तेव्हा कोल्हापूरचे नाव घेतले नव्हते. इथून आवाज उठल्यावर ती प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. म्हणून विकायचे असेल तर एकेकटीने दर ठरवू नये. मंडळाने किंवा बचत गटाने मिळून तासाचा दर ठरवावा, वहीत लिहावा आणि साहित्याचा खर्च वेगळा धरावा.

सुई आणि वही

दुसरी गोष्ट माझ्या घरातली आहे. मी आठवीत असताना आई साड्यांना मणी-टिकल्या लावायचे काम एका व्यापाऱ्याकडून आणायची. गठ्ठा मोठा आणि मुदत थोडी. रात्री जेवणे झाली की मी आणि थोरली बहीण आईच्या दोन्ही बाजूंना बसायचो. मणी तुटले म्हणून व्यापारी पैसे कापायचा, ते भरून काढायला आणखी एक साडी घ्यायची. त्या वर्षी सहामाहीत मी गणितात नापास झाले. आईला अक्षर येत नव्हते, पण लाल शाई कळत होती. तिने प्रगतिपुस्तक बराच वेळ हातात धरले. दुसऱ्या दिवशी अर्धा राहिलेला गठ्ठा डोक्यावर घेऊन ती परत देऊन आली. त्या महिन्यात घरात भाजीला तेल जपून पडले. वार्षिक परीक्षेत मी पास झाले.

पुढे विनयातली एक कथा वाचताना मला आई आठवली. काही भिक्खू आपली लोकर धुवायला, रंगवायला आणि पिंजायला भिक्खुणींकडे देऊ लागले. भिक्खुणी त्या कामात इतक्या गुंतल्या की त्यांचे पाठांतर राहिले, प्रश्न विचारणे राहिले आणि साधना राहिली. तथागत कपिलवस्तूला होते. महाप्रजापती गौतमी भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी भिक्खुणींची चौकशी केली आणि गौतमींनी खरे ते सांगितले. तथागतांनी भिक्खूंची कानउघाडणी केली आणि नात्यात नसलेल्या भिक्खुणीकडून लोकरीचे काम करवून घ्यायचे नाही, असा नियम घातला. स्त्रीच्या हाताला काम आहे म्हणून तिच्या अभ्यासाचा वेळ कोणी घ्यायचा नाही, हे भगवंतांनी लोकरीच्या निमित्ताने सांगून ठेवले आहे!

म्हणून आमच्या मंडळात आम्ही एक नियम केला आहे. शाळेत जाणाऱ्या मुलीने सुई हातात घ्यायची ती अभ्यास झाल्यावर, आठवड्यातून एकच दिवस आणि आपल्या आवडीने. विक्रीच्या तोरणाला मुलींचे हात लावायचे नाहीत. आणि मुलगेही बसतात. काज टाका मुलग्यांना येत नाही, असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. आमच्याकडे सगळ्यात सरळ टाके एका सहावीतल्या मुलाचे येतात. ज्यांची नजर अधू झाली आहे त्या आज्या साचे कापतात, नातवंडे त्यांना सुईत दोरा ओवून देतात आणि तोवर पहाऱ्याला बसल्यासारखे एकजण संघमित्रेची किंवा सावित्रीमाईंची गोष्ट वाचून दाखवतो.

प्रजासत्ताक दिन झाला की तोरण उतरवावे. मऊ ब्रशने धूळ झाडून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवावे. धुवायची वेळ आली तर गार पाण्यातून हलके काढावे, पिळू नये आणि गरम इस्त्री फिरवू नये. पुढच्या थंडीत एखादे पान फाटलेले, कोमेजलेले निघेल. ते नवे करा. पण सगळे तोरण कधी नवे करू नका. जुन्यातले एक तरी पान नव्यात राहू द्या. तथागतांनी आसनासाठी तसेच सांगितले होते.

ज्या मुलीने बर्फाचा प्रश्न विचारला होता, तिने पहिले पान केले. त्याची शेपटी जरा वाकडी आहे. दर वर्षी तोरणात ठेवायचे म्हणून आम्ही तेच पान निवडले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!